टोपणनावाचा बंदोबस्त

माझं नाव पांडुरंग. आजोबांचं होतं, म्हणून माझं झालं. माझा जन्म १९७८ चा, आणि दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' पडद्यावर आला १९७५ मध्ये. घरातल्या एकाही मोठ्या माणसाने हा हिशेब मांडला नाही. आजीला नातवात विठोबा दिसला, वर्तकनगरच्या पोरांना हवालदार. मुंबई-ठाण्यात पोलीस शिपायाला पाठीमागे 'पांडू' म्हणतात, आणि आमच्याकडे तर पोलीस वसाहतच आहे, तेव्हा चेष्टेचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. मी म्हाडाच्या इमारतीचा जिना उतरून खाली आलो की कुणी तोंडाने शिट्टी मारायचं, कुणी कडक सलाम ठोकायचं. क्रिकेटमध्ये मला हमखास अंपायर करत. "हवालदाराला ड्युटीवर उभा करा," म्हणून.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. म्हणजे तसं दाखवत असे. आत मात्र एक पक्कं ठरवून ठेवलं होतं, की आपल्याला मूल झालं तर त्याचं नाव असं ठेवायचं, की त्याला हात लावायला कुणाला जागाच सापडता कामा नये. या एका निश्चयापायी पुढे मी जे उद्योग केले ते इथे लिहितो आहे. त्यातले काही हसण्यासारखे आहेत. काही नाहीत.

बायकोला दिवस गेले तेव्हा मी एक वही केली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी हिशेब बघतो, त्यामुळे कुठल्याही काळजीची वही घालायची सवय आहे. डावीकडे नाव, उजवीकडे त्याची काय काय वाट लागू शकते ते. मराठी माणसाची नाव मोडायची रीत मोठी पक्की आहे. पहिलं अक्षर धरायचं, पुढचं एक व्यंजन घ्यायचं आणि त्याला 'या' जोडून द्यायचा. रमेशचा रम्या, दिनेशचा दिन्या, मंगेशचा मंग्या. प्रकाशमधला र जिभेला अडचणीचा वाटला तर तो गाळून पक्या. मुलींना 'ए' लावला की झालं, सुमनची सुमे, कमलची कमे. आडनावंही सुटत नाहीत. अख्खं वानखेडे ज्याच्या नावाचा गजर करायचं तो मुंबईकरांच्या आपसातल्या बोलण्यात तेंडल्याच.

बायकोला चैतन्य हवं होतं. ते नाव तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं, हे तिने फार उशिरा सांगितलं. मी वहीत 'चैत्या' लिहून त्यावर काट मारली. पार्थचा पार्थ्या झाला. अथर्व त्या वर्षांत दर मजल्यावर एक होता, आणि इतके असूनही त्यातला प्रत्येक जण अथ्या होता. सासऱ्यांनी यशवंत सुचवलं, तर मी त्यांच्या तोंडावर "यश्या, ए यश्या" असं ओरडून दाखवलं. यशवंत हे त्यांच्या वडिलांचं नाव होतं. त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलले नाहीत. बाबा म्हणाले, विठ्ठल ठेव. मी म्हटलं, "एक पांडुरंग केलात तेवढा पुरे."

शेवटी मला ओम सापडलं. एका दमात सुरू होऊन संपणारं. तोडायला मुळात जोड तर हवी. इथे पुढचं अक्षर संपेपर्यंत नावच संपतं. शिवाय पवित्र इतकं की कुणाची जीभ धजावणार नाही. वहीच्या उजव्या बाजूला काहीही न लिहिता मी एक आडवी रेघ ओढली आणि ते पान बायकोसमोर धरलं. नववा महिना लागलेल्या बाईच्या कंटाळ्याने ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ला मी संमती समजलो.

२००८ मध्ये मुलगा झाला. भटजींनी पत्रिका मांडून नावाचं अक्षर काढलं. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं असतात. त्यातलं आमच्या वाट्याला आलं 'चू'. अश्विनीचा पहिला चरण. टोपणनावाच्या धास्तीने वही घालणाऱ्या बापाच्या नशिबी नेमका 'चू' यावा, यातली गंमत भटजींना कळली नाही आणि मीही समजावली नाही. जन्मनाव म्हणून चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी केली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली. मुलाने ती अजून वाचलेली नाही.

बारशाला डोंबिवलीहून माझी बहीण आली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून झालं, तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाटे घातले, आणि मी कॅमेरा घेऊन कृतार्थ उभा होतो. पुष्कळ वर्षांनी तिने कबूल केलं की तिने कानात ओम म्हटलंच नव्हतं. ओम्या म्हटलं होतं. "अरे, एवढंसं तोंड बघून 'ओम' असं कोरडं कसं म्हणवेल?" नाव तोडता येणार नाही याची खबरदारी मी घेतली होती. नाव वाढवताही येतं, हे वहीत कुठेच नव्हतं.

जन्मनोंदणीतही मी अक्कल चालवली. कायद्याप्रमाणे बाळाचा जन्म एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो, नाव मात्र नंतर घातलं तरी चालतं. बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्कही नाही. मी बारा महिने कशाला थांबेन? चटकन अर्ज भरला आणि इंग्रजी स्पेलिंग दिलं ए-यू-एम. ओ-एम दिलं तर इंग्रजी शाळेतली मुलं 'ऑम' वाचतील आणि त्यातून काहीतरी काढतील, असा माझा दूरचा विचार. प्रत्यक्षात बालवाडीतल्या बाईंनी ते 'आम' वाचलं, आणि पहिल्याच आठवड्यात मुलगा घरी 'आंबा' होऊन आला. आधार कार्डात भरणाऱ्याने ओ-एम घातलं. पुढे ही दोन स्पेलिंगं एक करायला प्रतिज्ञापत्र, शासनाच्या राजपत्रात जाहिरात आणि माझ्या बऱ्याच रजा लागल्या. त्यात कचेरीतल्या कुणाचा काडीचा दोष नाही.

घरात सगळ्यांनी त्याला ओम्या करून टाकल्यावर मी दंड सुरू केला. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडली आणि सांगितलं, एका ओम्याला दहा रुपये. बाबांनी पहिल्याच दिवशी पन्नासची नोट आगाऊ टाकली आणि संध्याकाळपर्यंत पैसे वसूल करून घेतले. आईचं तसं नव्हतं. तिच्याकडे भाजीतून उरलेले पैसे असत, ती ते गुपचूप टाकायची. मग टाकायची बंद झाली. मला वाटलं, सुधारली. "तुझ्या लक्षात आलंय का," बायकोने एका रात्री विचारलं, "आई बाळाला हाकच मारत नाहीत हल्ली. जवळ जाऊन उचलतात. चुकून तोंडातून जाईल म्हणून." मी डबा काढला नाही. आईच्या जिभेला वळण लागतंय, असं काहीसं मी तेव्हा म्हणालो, आणि हे वाक्य आज लिहितानाही बोटं अडखळतात. पुढे ती महिना-महिना बहिणीकडे डोंबिवलीला जाऊन राहू लागली. ओमला तिकडे घेऊन गेलो की जिन्यापासून "ओम्या आला का रे" सुरू व्हायचं. डोंबिवलीत दंड नव्हता.

बाबा मला वाचून दाखवल्यासारखी उदाहरणं द्यायचे. टिळकांचं नाव काय? केशव. घरात बाळ म्हणत, तर जगात बाळ गंगाधर टिळक झाले, केशव कुणाला आठवत नाही. पेशव्यांच्या पुण्यात बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन भानू, दोघे बाळाजी. एकाला लोक नानासाहेब म्हणाले, दुसऱ्याला नाना फडणवीस. नाना पाटेकरांचं नाव विश्वनाथ. बनेश फेणे म्हटलं तर कोण ओळखेल, फास्टर फेणे म्हटल्यावर पोरं उड्या मारतात. "तुझ्या वहीत हे बसव," म्हणायचे. मी त्यांना सांगायचो की ही थोरामोठ्यांची गोष्ट झाली. त्यावर ते मला खिडकीशी नेऊन वर्तकनगर नाक्याच्या दिशेला बोट करायचे. नाक्यावर कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. खरं नाव बारीक अक्षरात, आणि मधोमध हातभर उंचीचं 'बाळा', 'पप्पूशेठ', 'बंड्याभाऊ'. आमच्या भागात माणूस मोठा झाला की त्याचं पाळण्यातलं नाव लहान होतं.

त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट मला लागली होती. गावाकडे त्यांचे एक चुलतभाऊ होते, धोंडू. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. मूल जगावं, कुणाची नजर लागू नये, यमानेही दगड समजून पुढे जावं म्हणून आईबाप धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत. कुणी चिडवायच्या आत घरच्यांनीच चिडवून ठेवायचं, आणि ते मायेपोटी. नकुशीची गोष्ट मात्र उलटी. २०११ च्या ऑक्टोबरात बातमी आली, की सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून आईबापांनी पाळण्यातच घातलेलं नाव. हजेरीपटावर, रेशन कार्डावर, सगळीकडे तेच. बातमी वाचली तेव्हा ओम तीन वर्षांचा होता आणि माझा डबा फ्रिजवर होता. त्या मुली आणि माझा तो डबा एकाच वेळी मनात आले आणि मला माझी लाज वाटली. डबा फ्रिजवरून काढला. चार दिवसांनी पुन्हा ठेवला.

शाळेची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

ओम चौथीत असताना कुणीतरी त्याला 'ऑमलेट' म्हटलं. याआधी मावसभाऊ त्याला 'ओम शांती ओम' सिनेमावरून 'शांती' म्हणत, तेही मी भांडून बंद पाडलं होतं. ऑमलेट तो स्वतःच हसत घरी घेऊन आला. वर्गात वडापाव नावाचा एक होता, टायर होता, आणि हा ऑमलेट. तिघांचं गूळपीठ होतं. मी त्याच्या हसण्याकडे पाहिलंच नाही. मला दिसला जिन्याखाली सलाम ठोकणाऱ्या पोरांमधला मी. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. वर्गशिक्षिका समजूतदार होत्या, त्या म्हणाल्या, मुलांमध्ये चालतं, आपण जरा थांबून बघू. मी थांबायला तयार नव्हतो. मुख्याध्यापकांकडे गेलो, लेखी तक्रार दिली, 'मानसिक छळ' हा शब्द मी त्यात घातला. ज्या मुलांची नावं मला घरी गप्पांत कळली होती, ती दोन्ही नावं लिहिली.

मग जे व्हायचं ते झालं. त्या दोन मुलांच्या पालकांना बोलावणं गेलं. वर्गाला ताकीद मिळाली, आणि जी गोष्ट तीन मुलांत होती ती चारही तुकड्यांना कळली. कुणी त्याला ऑमलेट म्हणेना. कुणी त्याला ओमही म्हणेना. टायरच्या आईने टायरला सांगितलं की त्या मुलाच्या वाटेला जाऊ नकोस, त्याचे वडील तक्रारी करतात. तिचं काय चुकलं? मीही हेच सांगितलं असतं. मधल्या सुट्टीत ओम एकटा डबा खातो हे आम्हाला कळायला बरेच दिवस लागले, कारण तो सांगत नव्हता. शेवटी बायकोने विचारलं तेव्हा तो मला नाही, तिला म्हणाला, "बाबाला सांगू नकोस. तो परत शाळेत येईल."

मी त्या दोन्ही मुलांच्या घरी जाऊन माफी मागायला हवी होती. ते लांब नव्हते; एक शिवाईनगरला, एक देवदयानगरला. वर्षभर रोज मनात आलं आणि रोज काहीतरी निमित्त काढलं. नंतर मुलांनी आपसात मिटवून घेतलं. त्यांनी कसं मिटवलं हे मला आजही माहीत नाही.

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली होती, २०१४ मध्ये. तिच्या वेळी मी वेगळा डाव टाकला होता. ऑफिसात एक बंगाली सहकारी होते. त्यांच्याकडे माणसाला दोन नावं असतात, एक चारचौघांतलं, एक घरचं, आणि दोन्ही घरचेच ठरवतात. सत्यजित राय घरी माणिक, सौरव गांगुली घरी महाराज. मला हे फारच पटलं. टोपणनाव थांबवता येत नाही ना, मग आपणच ठरवून द्यावं! मुलीचं नाव मैत्रेयी ठेवलं आणि बारशाच्या पत्रिकेवर कंसात 'मिहू' छापून घेतलं. बायकोने पत्रिका हातात घेऊन विचारलं, "लोकांना आता प्रेम कसं करायचं तेही छापून देणार का?"

मिहू मी सोडून कुणीही म्हटलं नाही. मुलीला स्वतःचं नाव म्हणता येईना, ती 'मेती' म्हणायची. ओमने त्याचं 'मेथी' केलं, आणि इमारतीने ते एका दिवसात मान्य केलं. एका घरात ऑमलेट आणि मेथी! भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला मेथी म्हणतात, आणि ती "ओ" देते. आई त्यानंतर आमच्याकडे मुक्कामाला येऊ लागली. डबा मी तोवर खरोखर टाकून दिला होता, पण तिला ते बोलून दाखवलं नाही. तिने फ्रिजवर नजर टाकली आणि मग "मेथे" अशी हाक मारली.

आता जी चूक लिहायची आहे ती या सगळ्यांच्या आधीची, आणि माझ्या वहीत कधीच न आलेली.

२०२१ च्या डिसेंबरात 'पांडू' नावाचा नवा मराठी सिनेमा आला. वर्तकनगरच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर पोस्टरचा पाऊस पडला, सगळे माझ्या नावाने. मीही हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली. रात्री त्या गटातल्या एकाचा मला वेगळा निरोप आला. आम्ही एका वर्गात होतो, तो पोलीस वसाहतीत राहायचा, त्याचे वडील हवालदार होते. त्याने लिहिलं होतं, "तुझं नाव तरी पांडुरंग होतं. माझं काय होतं?"

मला एका क्षणात आठवलं. आठवलं म्हणजे मी विसरलोच नव्हतो. सातवीत असताना उपवन तलावाच्या काठी पोरं मला सलाम ठोकत होती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तो माझ्या शेजारी उभा होता, सलाम न ठोकणारा एकटाच. मी त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "खरा पांडू मी नाही, याचा बाप आहे. रोज टोपी घालून जातो." सगळे त्याच्याकडे वळले. त्या दिवसापासून माझ्यामागचा त्रास निम्मा झाला, आणि तो दहावीपर्यंत 'पांडूचा' म्हणून ओळखला गेला. ते नाव मी ठेवलं होतं. त्याच्या खऱ्या नावात खोट काढायला जागा होती की नव्हती, याचा तिथे काही संबंधच नव्हता.

तो आता कल्याणला खडकपाड्याला राहतो. मी जाऊन भेटलो. माफी मागितली, त्याने चहा पाजला. "झालं ते झालं" वगैरे तो म्हणाला नाही, आणि बरं झालं. त्याने एवढंच सांगितलं की त्याच्या वडिलांच्या कानावर ते तेव्हाच गेलं होतं. त्याने वडिलांना आमच्या घरी येऊन दम द्यायला सांगितलं होतं, गणवेशात. वडील म्हणाले, "जाऊ दे, त्यालाही म्हणतात ना." आणि मग त्याला दर रविवारी स्वतःबरोबर येऊरला फिरायला नेऊ लागले. ज्यांच्या नोकरीवरून मी चेष्टा केली त्या माणसाला बापपण माझ्याहून कितीतरी चांगलं जमलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, करोनानंतरच्या शाळा सुरळीत झाल्यावर, ओमचे गणितातले गुण घसरले. फळ्यावरचे आकडे तो चुकीचे उतरवून आणत होता. ऑनलाइन वर्गांच्या काळात त्याला चष्मा लागला होता, त्यामुळे नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासून आणले. नंबर तोच. मग मेथीने सांगितलं, दादा खाली गेला की चष्मा काढून दप्तरात ठेवतो. शाळेत त्याला कुणीतरी 'ढापण्या' म्हणत होतं. मित्रांच्या प्रेमातला ढापण्या नाही. जिन्यात धक्का मारून, चष्मा ओढून घेऊन म्हटलेला. हे वर्षातले कित्येक महिने चालू होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. कारण मी एकदा ऑमलेटसाठी शाळा डोक्यावर घेतली होती, आणि त्यातून काय निघालं ते त्याने पाहिलं होतं. खरंच जाऊन बोलण्याची वेळ आली तेव्हा बापाला बोलवायची सोय मी त्याच्यासाठी ठेवली नव्हती.

जाड्या, बुटक्या, काळ्या, ढापण्या ही नावं नावातून येतच नाहीत. चैतन्य ठेवा, ओम ठेवा, यशवंत ठेवा, चष्मा लागला की ती येतात. माझ्या वहीची अख्खी उजवी बाजू फक्त चैत्या आणि पार्थ्या यांनी भरली होती. त्यांनी कुणाचं काय वाईट झालं असतं, हे आज विचारलं तर मला एकही उत्तर देता येणार नाही. ज्याने मुलाचं वाईट झालं ते वहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शाळेत असताना असा शब्द मीही वापरलेला आहे, एका अशक्त मुलावर. त्याचं पाळण्यातलं नाव मला आठवत नाही.

या वेळी मी ओमला विचारलं, काय करू? तो म्हणाला, तू येऊ नकोस, आई येऊ दे, आणि नावं लिहून देऊ नका. बायको गेली, वर्गशिक्षिकेशी एकटीने बोलली. बाईंनी बाक बदलले, जिन्यात सुट्टीच्या वेळी एक शिक्षक उभे राहू लागले. महिन्याभरात थांबलं. तक्रारीचा कागद झाला नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, मला टोपणनावांचा इतका राग का आहे कुणास ठाऊक. ती म्हणाली, "सगळ्यांचा कुठे आहे? मी तुला काय म्हणते?" ती मला लग्नापासून 'रंगा' म्हणते. पांडुरंगातला मागचा तुकडा तोडून घेतलेला. ते टोपणनाव आहे हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग मी तिला चैतन्यबद्दल विचारलं, आणि लग्नाआधीपासूनची ती गोष्ट तिने तेव्हा सांगितली.

ओम आता सतरा-अठराचा आहे. टर्फवर क्रिकेट खेळतो, टीशर्टच्या पाठीवर त्याने स्वतः पैसे देऊन 'ऑमलेट' छापून घेतलं आहे. संघात टायर आहे. वडापाव पुण्याला शिकायला गेला.

अलीकडे ऑफिसातली नवी आईबाप झालेली मुलं मला नावं विचारतात, कारण माझ्याकडे एकेकाळी वही होती असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं आहे. वही मी रद्दीत घातली. पण विचारलंच तर सांगतो. आधी बाळाच्या आईला विचारा, तिच्या मनात कुठलं नाव आहे, आणि ते विचारताना हातात पेन ठेवू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आपल्या राज्यात बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. निदान एवढं लक्षात घेऊन तरी तिचं ऐका. इंग्रजी स्पेलिंग सरळ ठेवा आणि सगळीकडे तेच द्या, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे आणि तो दुरुस्त करून घ्यायला फार चपला झिजतात. घाई करू नका, नाव घालायला कायद्याने बारा महिने दिले आहेत. आजी-आजोबा, आत्या, मामा जी हाक मारतील ती मारू द्या. आणि मूल शाळेत जाऊ लागलं की अधूनमधून विचारा, तुला कोण काय म्हणतं, आणि ते तुला चालतं का. चालत नाही म्हणालं तर शाळेत जरूर जा. पण जायच्या आधी त्याला विचारून जा.